तिसऱ्या पंगतीचं उत्तर

“अहो, एवढासाच? हे काही चालायचं नाही. माझ्यासाठी अजून एक डाव!”

खांबेटे सर तिसऱ्या पंगतीत कमरेत वाकून सांजा वाढत होते. अंगात परीटघडीचा सदरा, खांद्यावर पंचा, कपाळावर घाम. समोरचा पोरगा दोन्ही हात ताटावर आडवे धरून “नको सर, नको सर” करत होता आणि सर त्याच्या हातांना चुकवून सांजा ताटात सोडत होते. मी दारापाशी उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं. ज्या पंगतीला आम्ही मुद्दाम सगळ्यांत हलकं जेवण ठेवलं होतं, नेमक्या त्याच पंगतीत यजमान ताटाताटापाशी जाऊन आर्जवं करत होते.

ही पंगत साधी नव्हती, रोमची होती.

कृष्णाकाठच्या आमच्या कॉलेजात सर प्राचीन इतिहासाचे विभागप्रमुख होते आणि मी मानसशास्त्राची, तासावर शिकवणारी तात्पुरती बाई. सरांचं सगळं आयुष्य ग्रीक आणि रोमन लोकांत गेलं होतं. गल्लीत नळावर भांडण झालं तरी त्यांना रोममधलं काहीतरी आठवायचं. एका रोमन गृहस्थाच्या जुन्या पत्रावर तर त्यांचा फार जीव. त्यात एका मेजवानीची हकिगत आहे. यजमानाने स्वतःला आणि बड्या पाहुण्यांना उंची पदार्थ आणि उंची दारू दिली, त्याखालच्या मित्रांना मध्यम आणि उरलेल्या आश्रितांना अगदी हलकी. सगळे एकाच दालनात, एकमेकांची ताटं दिसतील असे. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि करणाऱ्याला लोक नावं ठेवतात. त्या पत्र लिहिणाऱ्यानेही ठेवलीच होती.

सरांचं म्हणणं निराळं होतं. ते म्हणत, नावं ठेवली ती एका श्रीमंताने. खालच्या पाहुण्यांना त्यात अपमान वाटतच नव्हता. आपली पायरी त्यांच्या अंगवळणी पडली होती. अपमान आपल्याला दिसतो, कारण आपण आजच्या डोळ्यांनी बघतो. हे त्यांनी चोवीस वर्षं वर्गात शिकवलं होतं आणि लेखांतून लिहिलं होतं.

“पण पुरावा कुठून आणायचा, शेलार मॅडम?” एकदा ते मला म्हणाले. “त्या खालच्या लोकांनी काही लिहूनच ठेवलं नाही. आणि मेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. तुमच्या शास्त्रात जिवंत माणसांवर प्रयोग करतात ना?”

“करतात सर. पण आपली पोरं म्हणजे काही रोमन नव्हेत.”

“माणसं तर आहेत?”

यावर मी वाद घातला नाही. मला ती कल्पना मनापासून आवडली होती, हे एक. दुसरं असं, की जूनमध्ये मानसशास्त्राची कायम जागा भरायची होती आणि निवड समितीत सर होते. पुण्याच्या परिषदेत आमच्या दोघांच्या नावाने निबंध वाचला गेला तर माझं पारडं जड होणार होतं. चार वर्षं तासावर काढून मी विटले होते. मला ती जागा हवी होती, आणि हे मी कुणापासून लपवलंही नव्हतं.

मग आम्ही तीन पंगती मांडल्या. एकाच सभागृहात, समोरासमोर. पहिलीला बासुंदी-पुरी आणि मसालेभात, दुसरीला बुंदी आणि साधा भात, तिसरीला जाड्या तांदळाचा भात, पातळ आमटी आणि गुळाचा सांजा. पोरांना एवढंच सांगितलं, की सर जेवण देताहेत आणि जेवणानंतर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. कोण कुठे बसणार ते चिठ्ठ्या काढून ठरवलं. चिठ्ठ्यांचा आग्रह माझा. आपल्या मुलखात पंगत म्हटली की माणूस आधी कोण कुठे बसलंय ते पाहतो आणि मग आडनावं आठवतो. तसला संशयही मला नको होता.

उत्तरं आली आणि सर हरखून गेले. जेवण कसं होतं, यजमान कसे वाटले, पुन्हा बोलावलं तर याल का, या सगळ्या प्रश्नांत तिसरी पंगत पहिलीच्याही पुढे!

“बघा!” सर टेबलावर थाप मारून म्हणाले. “सांजा खाऊन बासुंदीवाल्यांपेक्षा खूश! मी काय सांगत होतो?”

मीही खूशच होते. आमच्या शास्त्रात याला बसवता येईल असं स्पष्टीकरणही तयार होतं. जे मिळालं तेच बरं असं माणूस मनाला समजावतो, आणि थोड्या वेळाने त्याला ते खरंच बरं वाटायला लागतं. मी निबंधाचा आराखडाही काढायला घेतला.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तिसऱ्या पंगतीतला एक पोरगा भेटला, बाजीराव मोहिते म्हणून. सहज विचारलं, “काय रे, परवा जेवलास का नीट?”

“लई भारी, मॅडम! खुद्द सरांनी वाढलं की! घरात आई बी एवढा आग्रह करत न्हाई.”

“आणि समोर बासुंदी होती ती?”

“असूं दे की. सर तिकडं फिरकलं बी न्हाईत. आमच्यापाशीच हुतं शेवटपतूर.”

मी तिथेच उभी राहिले. परवा ज्याचं मला हसू आलं होतं, त्यानेच सगळा प्रयोग नासवला होता. तिसऱ्या पंगतीला ताटात कमी होतं, पण यजमान सगळा त्यांच्या वाट्याला आला होता. सरांना पोरांच्या ताटात सांजा बघवला नाही. मराठी घरातला माणूस. हलकं वाढलं याची टोचणी लागली म्हणून आग्रह दुप्पट केला. रोमन यजमान कोचावर लोळत होता. तो कशाला उठून खालच्या माणसापुढे वाकेल?

गप्प बसणं सोपं होतं. परिषदेतल्या कुणाला कळणार होतं कोणी कुणाला आग्रह केला ते? दोन दिवस मी गप्प बसून पाहिलं आणि ते काही जमेना. खोट्या प्रयोगावर मिळालेली जागा मला रोज वर्गात टोचली असती. तिसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले.

सिंधूकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. मी सरांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी चांगलं वागलो, ही चूक झाली?”

“प्रयोगापुरती, सर.”

“आपल्याकडे जेवायला आलेल्या पोराकडे बघायचंही नाही?”

“रोममध्ये बघत नव्हते.”

काकूंनी सोललेल्या शेंगांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं, गेली आपली जागा. शेवटी सर म्हणाले, “मग पुन्हा करू. दुसरी पोरं बोलवा. या वेळी मी पहिल्या पंगतीत बसून जेवणार आणि जागचा हलणार नाही. तुम्ही सांगाल तसं.”

“समोर बघायचंही नाही, सर. वाढप्यांनीही तिसऱ्या पंगतीत एकदाच फिरायचं. मागितलं तरी वाढायचं नाही.”

“नाही बघणार. शब्द देतो.”

“आमटी जरा अळणी ठेवू,” मी म्हणाले.

यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांच्या चुलीत पाणी ओतलं होतं. “अळणी का म्हणून?”

“फरक ठळक दिसायला हवा, काकू.”

“माझ्या देखरेखीखाली झालेली आमटी आणि अळणी,” काकू म्हणाल्या. “करा बाई, तुमचं शास्त्र.”

दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी एक मुलगी आली नाही. तिसऱ्या पंगतीत एक पाट रिकामा राहिला. रांग अपुरी ठेवायची नव्हती आणि बाहेरून कुणाला आणायला वेळ नव्हता. काकू स्वयंपाकावर लक्ष ठेवायला आल्या होत्या, त्यांनाच मी म्हटलं, “काकू, तुम्ही बसाल? तुमचं उत्तर धरणार नाही, नुसती जागा भरायची आहे.”

“बसते की. सकाळपासून पोटात काही नाही.”

सर पहिल्या पंगतीत मध्यावर बसले होते. त्यांनी बायकोला समोर बसताना पाहिलं, किंचित दचकले, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे मान खाली घातली. वाढप झालं. वाढपी पोरं माझ्या हुकमातली. तिसऱ्या पंगतीत एकदा फिरली आणि तिथून जी गेली ती बासुंदीची भांडी घेऊन पहिल्या पंगतीतच घुटमळत राहिली. मागच्या वेळी सभागृहात हसणं-खिदळणं होतं. या वेळी पहिल्या पंगतीत गप्पा चालल्या होत्या, तिसरीत नुसता ताटांचा आवाज.

जेवण अर्ध्यावर आलं असेल. काकूंनी आमटी-भाताचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि जवळून जाणाऱ्या वाढप्याला म्हणाल्या, “बाळा, जरा मीठ आण.”

पोरगा न थांबता पुढे गेला. शिकवलंच तसं होतं.

“अरे, मीठ!”

दुसरा पोरगा आला, तोही गेला. काकूंनी मग सरळ समोर पाहिलं.

“अहो, ऐकलंत का? इकडे जरा मीठ सांगा.”

सरांचा हात पुरीवर थांबला. मला त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. सगळ्या सभागृहाने ऐकलं होतं; त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान वर केली नाही. क्षणभराने पुरीचा तुकडा बासुंदीत बुडवला आणि तोंडात घातला.

थांबवावं असं वाटलं आणि थांबवलं नाही, कारण प्रयोग अगदी हवा तसा चालला होता. काकूंनी पुन्हा हाक मारली नाही. अळणी आमटी-भात शेवटच्या शितापर्यंत संपवला आणि ताटात हात धुतला.

मग कागद वाटले, उत्तरं गोळा झाली. मी तिथेच उभ्या उभ्या तिसऱ्या पंगतीचे कागद चाळले आणि चक्रावले. जेवण छान. यजमान फार चांगले. पुन्हा बोलावलं तर आनंदाने येऊ. कुणी बघितलं नाही, कुणी वाढलं नाही, तरी उत्तरं मागच्यासारखीच! म्हणजे आग्रहाचा काही संबंधच नव्हता. सर बरोबर होते. मी कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. निबंध झाला, जागा माझी, असं मला त्या घटकेला अगदी स्वच्छ दिसलं.

“काकू, तुमचा कागद?” मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

“कोरा आहे,” काकू म्हणाल्या. “मला लिहायचं नाही, बोलायचंय.”

त्या उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण सभागृह एवढंसं. सगळ्यांना ऐकू जात होतं.

“मी मीठ मागितलं. तुम्हाला ऐकू आलं. ऐकून तुम्ही पुरी खाल्लीत.”

“अगं, प्रयोग होता,” सर म्हणाले.

“प्रयोग होता हे मला माहीत होतं. आमटी अळणी करायला माझ्यासमोर सांगितलं. सगळं माहीत असून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. रडू यायला लागलं होतं मला, या वयात, मिठासाठी.” त्यांनी तिसऱ्या पंगतीतल्या पोरांकडे पाहिलं. “मग ज्याला माहीत नव्हतं, त्याचं काय झालं असेल? ते तुमचे रोममधले लोक जाऊ द्या, ही पोरं बसली आहेत इथं. चांगले वागला नाहीत तुम्ही. पुन्हा बोलावलंत तर मी काही येणार नाही.”

सर कागद हातात धरून उभे होते.

तिसऱ्या पंगतीच्या टोकाला मालन सुतार नावाची मुलगी होती, सरांच्याच वर्गातली. ती चाचरत माझ्याकडे आली. “मॅडम, माझा कागद परत मिळंल का?”

“कशाला गं?”

“उत्तर बदलायचंय.”

“मघाशी तू छान होतं असं लिहिलंस ना?”

“लिवलं. सरांना वाईट कसं लिवायचं? नाव घातलं नसलं तरी सर अक्षर वळखतात. मार्कं त्यांच्याच हातात.” तिने एकदा काकूंकडे पाहिलं. “पण बाईंनी बोलून दावलं, मग आता माझं बी सांगते. मला बी लाज वाटली, मॅडम. समोरची आमच्याकडं बघून खाईत हुती.”

तिच्यामागे आणखी दोघं उठून उभे राहिले होते. मग आणखी एक.

सरांनी ते कागद माझ्यापुढे धरले. “नियम तुमचे आहेत, मॅडम. तुम्ही सांगा.”

नियम मला पाठ होते. एकदा दिलेलं उत्तर बदलायला द्यायचं नाही, आणि कुणी सगळ्यांसमोर असं भाषण केल्यावर तर मुळीच नाही. मी नाही म्हणाले असते तर कोणत्याही शास्त्रज्ञाने माझी पाठ थोपटली असती. निबंध शाबूत राहिला असता, सरांचं चोवीस वर्षांचं म्हणणं शाबूत राहिलं असतं, माझी जागाही. पण वर्गात मीच शिकवत होते तो अमेरिकेतला जुना प्रयोग माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. सगळे मिळून आखूड रेघेला लांब म्हणायला लागले की शहाणा माणूसही लांब म्हणून मोकळा होतो. मात्र त्यातला एक जरी आखूड म्हणाला, की बाकीच्यांना कंठ फुटतो. पुस्तकातलं ते वाक्य माझ्यासमोर मालनच्या रूपात उभं होतं आणि कागद परत मागत होतं.

“पहिली उत्तरं राहू देत,” मी म्हणाले. “दुसरा कोरा कागद घ्या आणि आता जे वाटतं ते लिहा. ज्याला बदलायचं नाही त्याने बदलू नये.”

बहुतेकांनी बदललं. दोन-तीन पोरं मात्र “आम्हाला खरंच काही वाटलं नाही” म्हणाली, आणि तेही मी तसंच टिपून घेतलं. पहिल्या पंगतीतल्या पोरांना विचारलं, तर त्यांतल्या निम्म्यांना समोर काय वाढलं होतं तेच सांगता येईना.

पोरं गेल्यावर सर पाटावर बसून राहिले. “हा निबंध आता होत नाही, शेलारबाई.”

“होतो सर. वेगळा होतो.”

“त्यात मी चुकलो असं लिहावं लागेल.”

“हो सर.”

“तुम्हाला काय वाटतं, रोममध्ये असं कुणी कधी बोललंच नसेल?”

“ज्याचं यजमानावाचून काहीच अडत नाही, असा माणूस त्या खालच्या रांगेत बसतच नसणार, सर. आज आपल्याकडे काकू चुकून बसल्या.”

“चुकून,” सर म्हणाले, आणि काकूंना शोधत स्वयंपाकघराकडे गेले.

निबंध सरांनी पुण्यात स्वतः वाचला आणि आपण इतकी वर्षं चुकीचं शिकवलं असं सुरुवातीलाच सांगून टाकलं. एका विद्वानाने विचारलं, खेड्यातल्या एका पंगतीवरून तुम्ही रोम ठरवणार काय? सर म्हणाले, “नाही ठरवत. फक्त त्या गप्प बसलेल्यांच्या वतीने ‘छान होतं’ असं इथून पुढे मी म्हणणार नाही.” मला त्या वेळी सरांचा फार अभिमान वाटला. आणि खरं सांगायचं तर जागेबद्दलची आशाही पुन्हा वर आली.

जूनमध्ये मुलाखती झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या वर्गात बसले होते, तिथे सर आले. दारातच त्यांच्याकडे पाहून मला कळलं.

“दुसऱ्यांना घेतलं,” ते म्हणाले. “मी तुमच्याबद्दल फार चांगलं बोललो होतो हो.”

“काय बोललात, सर?”

“म्हटलं, या बाई माझ्या तोंडावर मला चूक म्हणतात. कुणाची भीड ठेवत नाहीत. कॉलेजला अशीच माणसं हवीत.”

“मग?”

“अध्यक्षांनी पहिली दोनच वाक्यं ऐकली. शेजारच्यांकडे बघितलं आणि पुढचं नाव घेतलं. मी सांगत राहिलो, पण…” सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “पुढच्या वर्षाचे तुमचे तास मी बघतो, वेळापत्रक माझ्याकडेच आहे. त्याची काळजी करू नका. जागाही निघेल कधीतरी. तुम्ही काही मनाला लावून घेतलं नाहीत ना?”

माझ्या जिभेवर ‘नाही सर, त्यात काय एवढं’ हे वाक्य तयार होतं. चार वर्षांत ते मी इतक्या जणांना म्हटलं होतं, की आपोआप यायचं. पुढच्या वर्षाचे तास सरांच्याच हातात होते.

“लावून घेतलं, सर,” मी म्हणाले. “फार वाईट वाटलं. आणि तुमचा रागही आला.”

सर गेले नाहीत. समोरचं बाक ओढून माझ्यासमोर बसले.

“सांगा,” ते म्हणाले.